मुरारची तांबडी

तांबडी स्पष्टवक्ती आहे. तिच्याशी कोण कसं वागलं, हे ती अंगावर दाखवते. साळुंकीची विष्ठा दुपारभर टपावर राहिली, तर संध्याकाळी तिथे फिकट डाग दिसतो. कुणी कोरड्या फडक्याने धूळ झटकली, तर सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर बारीक गोल चऱ्यांचं जाळं चमकतं. आणि कुणी हौसेने जोर लावून पॉलिश घासलं, तर त्याच्या हातातलं फडकं लाल होतं. तिचा रंगच हातात येतो. इतका उघड हिशेब देणारी गाडी आता आमच्या गल्लीत दुसरी नाही.

तांबडी म्हणजे आमची मारुती 800. ग्वाल्हेरमधल्या मुरारच्या सदर बाजारापासून थोडं आत, जुन्या घरांच्या ओळीत, भिंतीच्या उत्तरेकडच्या सावलीत तिची जागा ठरलेली आहे. लांबी साडेतीन मीटरही भरत नाही, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. आवाज बारीक, पण चुकार नाही. सीटा काळ्या रेक्झिनच्या, बंपर काळ्या प्लास्टिकचे, बाकी सगळं अंग लाल. बाबांनी ती ग्वाल्हेरच्या मेळ्यातून आणली. उन्हाच्या गावात पांढरीच गाडी घ्यावी, असं आजोबांचं म्हणणं होतं. आईने लाल मागितली आणि लाल आली. उन्हाबद्दल आजोबांचं बोलणं अक्षरश: खरं ठरलं, पण म्हणून आईची निवड चुकली असं आमच्या घरात कुणीही म्हणत नाही.

ग्वाल्हेरला मोटारींचं वेड जुनं आहे. 1908 साली मुंबई-कोल्हापूर घाटरस्त्यांवरच्या चाचणीत नाव कमावलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉइस ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली होती. 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला मेळा आरंभी गुरांचा बाजार होता. आज त्याच मेळ्यात मोटारींच्या दालनांपुढे मोठी गर्दी असते. शासन रस्ताकरात 50 टक्के सवलत जाहीर करतं त्या वर्षी तर दूरदूरचे लोक गाडी घ्यायला मेळ्याची वाट पाहतात. पण महाराजांच्या मोटारींना पुसायला माणसं होती. मध्यमवर्गाच्या दारात गाडी आली आणि ती पुसणारा हात घरचाच झाला, हे घडवलं मारुती 800 ने. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली. जानेवारी 2014 मध्ये या गाडीचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक घरांनी ती घेतली. रविवारी सकाळी बादली आणि फडकं घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बापाचं चित्र देशभर उमटलं ते या गाडीमुळे.

तांबडीचा स्वभाव समजायचा तर आधी तिची कातडी समजली पाहिजे. हल्लीच्या गाड्यांवर खाली रंग आणि त्यावर बिनरंगी चकाकता थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चरे पडतात ते बहुधा या वरच्या थरात. तांबडीला हा वरचा थर नाही. तिचा रंग एकपदरी आहे. रंग आणि चमक दोन्ही एकाच थरात. हे ओळखायची रीत सोपी आहे. डिकीच्या कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या फडक्यावर थोडं सौम्य पॉलिश घेऊन हलक्या हाताने फिरवावं. फडक्यावर गाडीचाच रंग आला, तर रंग एकपदरी. फडकं नुसतं मळलं, रंग आला नाही, तर वर क्लिअर कोट आहे. गाडी पांढरी असेल तर हीच परीक्षा काळ्या फडक्याने करावी. कुठलीही बाटली विकत घेण्यापूर्वी ही परीक्षा झाली पाहिजे, कारण पुढची सगळी निवड तिच्यावर अवलंबून असते.

आणि ही कातडी फार पातळ असते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडी भरते. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश केल्यावर जी चमक येते, ती वरून काही घातल्यामुळे येत नाही. चऱ्याच्या कडा झिजवून पृष्ठभाग सपाट केला जातो आणि मग प्रकाश सरळ परत येतो. प्रत्येक पॉलिश रंगाचा थोडा भाग घेऊन जातं. नव्या गाड्यांवर हे नुकसान दिसत नाही, कारण क्लिअर कोट बिनरंगी आहे आणि फडक्यावर रंग येत नाही. तांबडी ते दाखवते. लाल झालेलं फडकं पाहिलेला माणूस पुन्हा कधी उगाच घासत नाही. गाड्यांची निगा मी शिकले ती तिच्या या स्पष्टपणामुळे.

या गावात तांबडीला चार गोष्टी सोसाव्या लागतात: धूळ, ऊन, कडुनिंब आणि पाणी.

ग्वाल्हेर वालुकाश्मावर वसलं आहे. किल्ल्याचा डोंगर वालुकाश्माचा, घरांच्या फरश्या त्याच्या, घडीव दगडाच्या कामात उडणारी भुकटीही त्याचीच. वालुकाश्म म्हणजे मुख्यत: क्वार्ट्झचे कण, आणि खनिजांच्या काठिण्याच्या मोह्स मापावर क्वार्ट्झचा अंक 7 आहे. साधं पोलादही त्याच्यापुढे मऊ पडतं. मग रंगाची काय कथा. मे-जूनमध्ये लू म्हणजे उष्ण वारा सुटतो, संध्याकाळी आंधी म्हणजे धुळीचं वादळ उठतं, आणि ही भुकटी तांबडीच्या अंगावर सारखी पसरते. ती नुसती बसून राहिली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते कुणी पिसांचा झाडू किंवा कोरडं फडकं घेऊन ती पुसायला गेलं की. फडक्याखाली सापडलेला प्रत्येक कण रंगावर एक रेघ ओढतो. सोसायट्यांमध्ये रोज सकाळी एकाच ओल्या फडक्याने ओळीने दहा गाड्या पुसल्या जातात. त्या गाड्यांची बॉनेटं उन्हात पाहावीत. रोज पुसलेली गाडी आठवड्यातून एकदा धुतलेल्या गाडीपेक्षा लवकर निस्तेज होते, याचं कारण हेच आहे.

धुळीवर कव्हर हा अनेकांचा उपाय. पण आधीच धुळकटलेल्या गाडीवर कव्हर चढवलं आणि लूच्या झोतात ते फडफडायला लागलं, तर ते दिवसभर वाळूकागदाचं काम करतं. कव्हर स्वच्छ गाडीवरच घालावं आणि नीट आवळून बांधावं. नाही तर घालूच नये. तांबडीला आम्ही कव्हर घालत नाही. तिला भिंतीची सावली मानवते.

उन्हाने तिचं काय केलं, ते तिच्या टपावर लिहिलेलं आहे. लाल रंग उन्हात लवकर थकतो. सूर्याच्या अतिनील किरणांनी रंगातली राळ तुटत जाते, रंगद्रव्य उघडं पडतं, आणि पृष्ठभाग खडूसारखा भुरकट, गुलाबी होतो. बोट फिरवलं तर बोटाला भुकटी लागते. मध्यंतरी काही वर्षं तांबडीला सावलीची जागा नव्हती. तेव्हा तिचा टप आणि बॉनेट गुलाबी झाले. दारं मात्र तशीच लाल राहिली. गल्लीतले लोक म्हणायचे, आता सगळी गाडी रंगवून घ्या. आम्ही ती रंगवली नाही. खाली निरोगी रंग होता, वरचा मेलेला थर तेवढा काढायचा होता. त्याबद्दल पुढे सांगते.

कडुनिंबावर मुरारचं फार प्रेम आहे. मुरार मूळची छावणी; 1886 साली झाशीच्या बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी इंग्रजांनी शिंद्यांना परत दिली. छावणीचे रुंद रस्ते आणि दुतर्फा झाडं अजून आहेत. झाडाखाली गाडी लावायचा मोह सगळ्यांना होतो. पण निंबोळ्या पिकल्या की त्यांचा चिकट गर टपावर पडतो, आणि त्या खायला आलेले पक्षी आपली भेट ठेवून जातात. पक्ष्यांच्या विष्ठेतलं आम्ल आणि वरून तळपणारं ऊन यांनी काही तासांत रंगावर खूण उमटते. विष्ठा कधीही खरवडू नये. ओल्या फडक्याची घडी तिच्यावर पाच-दहा मिनिटं ठेवावी, भिजू द्यावी आणि मग उचलून घ्यावी. गाडीत एक पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि दोन मऊ फडकी कायम असावीत. त्यांना फार पैसे पडत नाहीत आणि वाचवतात मात्र पुष्कळ.

चौथी गोष्ट पाणी. नळाला येतं ते तिघऱ्याचं. सांक नदीवरचं हे धरण मराठी वाचकाला दूरचं वाटायला नको. विश्वेश्वरय्यांनी 1903 साली पुण्याजवळच्या खडकवासल्याला जे स्वयंचलित दरवाजे बसवले, तेच पुढे तिघऱ्यालाही बसले. धरणाची पातळी खाली गेली की शहराला एक दिवसाआड पाणी मिळतं. मग घरोघरी बोअरिंगचं पाणी वापरतात, आणि ते जड असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब अंगावर सुकला की पांढरं वर्तुळ उरतं आणि उन्हात ते रंगात रुतत जातं. यापेक्षा वाईट म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी. ते वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत बादलीत साठवून त्याने गाडी धुतात. हेतू चांगला आहे, पण यंत्राने गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. चिखल भिजवायला, चाकांना, मडगार्डच्या आतल्या बाजूला ते चालतं. शेवटचं पाणी मात्र नळाचं किंवा साठवलेल्या पावसाचं असावं. आणि कुठलंही पाणी असलं तरी ते अंगावर सुकू देऊ नये. ताजे डाग असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी मिसळून फडक्याने हलकं टिपावं आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन काढावं.

तांबडीच्या आंघोळीला ठरलेली वेळ आहे: सकाळी ऊन चढण्याआधी, पत्रा थंड असताना. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू घासण्याआधीच वाळतो. पहिलं पाणी नुसतं. टपापासून खाली सोडत जायचं, म्हणजे सुटी धूळ हात न लावता निघून जाते. मग झाडांवर औषध मारायच्या पंपात शाम्पूचं पाणी भरून सगळ्या अंगावर फवारायचं आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. या थांबण्यात अर्धं काम होतं. त्यानंतर दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात तो खळखळून घ्यायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी जाळी ठेवली तर खाली बसलेली वाळू पुन्हा वर येत नाही. क्रम टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग. चाकांना वेगळा ब्रश आणि वेगळी बादली. ब्रेकची लोखंडी भुकटी लागलेला ब्रश रंगाला कधीही लावू नये.

शाम्पूची निवड अवघड नाही. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते. ती तेलकटपणाबरोबर मेणही काढून नेते आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या करते. भांड्यांचा साबण तेल तोडण्यासाठीच केलेला असतो, म्हणून तोही मेण टिकू देत नाही. गाडीचा म्हणून मिळणारा, ‘पीएच न्यूट्रल’ लिहिलेला कोणताही बरा शाम्पू चालतो. भरपूर बुळबुळीत फेस देणारा घ्यावा, कारण हाताखालचा कण घसरून जावा हेच त्याचं काम. 10 लिटरच्या बादलीला बहुधा 20-30 मिलिलिटर पुरतो. बाटलीवर सांगितलंय त्याहून जास्त घातल्याने गाडी जास्त स्वच्छ होत नाही, फक्त धुवायला पाणी जास्त लागतं. पाण्याची टंचाई असेल तेव्हा ‘रिन्सलेस’ प्रकारचं द्रावण वापरावं. एका बादलीत गाडी होते आणि वरून पाणी ओतावं लागत नाही. मात्र आंधीनंतरच्या दाट धुळीवर ते थेट लावू नये. आधी पंपाने चांगलं भिजवून घ्यावं.

पुसायला टॉवेल नको, जुनी बनियन तर नकोच. मायक्रोफायबर घ्यावा. पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडच्या अतिशय बारीक धाग्यांची ही वीण धूळ आत ओढून घेते आणि रंगावर फिरवत नाही. अंग कोरडं करायला जाड आणि मोठा, मेण पुसायला मध्यम, 300-400 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा), शिवणीच्या टोकदार कडा नसलेला. काचांचा वेगळा, चाकांचा वेगळा, आतल्या भागाचा वेगळा. रंगांवरून ओळख ठरवून घ्यावी म्हणजे घरात कुणीही हात लावला तरी घोळ होत नाही. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचं नाही. ही फडकी सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत, त्यांना कपडे मऊ करणारं द्रावण लावू नये आणि कडक उन्हात वाळवू नयेत.

आता त्या गुलाबी टपाबद्दल. धुतल्यावरही रंग गुळगुळीत लागत नव्हता. हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घालून ओल्या पत्र्यावर बोटं फिरवली की बारीकशी खरखर स्पष्ट कळते. रंगात रुतलेली लोखंडी भुकटी आणि झाडांचा चिकटा, दोन्ही त्यात येतं. लोखंडासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतं. फवारलं की कण विरघळताना जांभळे ओघळ येतात. वास उग्र असतो, म्हणून मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आणि सुकण्याआधी धुऊन टाकायचं. उरलेल्यासाठी क्ले बार, म्हणजे विशेष मऊ माती. भरपूर शाम्पूचं पाणी अंगावर ठेवून ती हलकेच सरकवायची, जोर अजिबात लावायचा नाही. तिचा तुकडा खाली पडला तर टाकून द्यायचा. वर्षातून एक-दोनदा पुरे.

मग पॉलिश. गॅरेजमध्ये ‘रबिंग’ म्हणतात ते जाड कंपाउंड हा शेवटचा उपाय आहे. तांबडीवर आम्ही ते वापरलंच नाही. बारीक पॉलिश घ्यायचं, टपाचा एक वीतभर भाग ठरवायचा, तिथे मऊ स्पंजने हलक्या हाताने फिरवायचं आणि पुसून पाहायचं. तेवढ्याने काम झालं तर सगळी गाडी त्याच पद्धतीने. नाही झालं तरच एक पायरी जाड. ही एका वीतभर जागेची चाचणी जो करत नाही, तो अंदाजाने रंग खर्च करतो. तांबडीचं फडकं लाल झालं आणि होणारच होतं. पण गुलाबी भुकटीखालून निरोगी लाल वर आला तिथेच हात थांबवला. एकपदरी जुन्या रंगाला तेलकट ग्लेझही मानवतं. कोरडा पडलेला रंग ते काही अंशी शोषून घेतो आणि खोल दिसतो. यंत्राने पॉलिश करायचं असेल तर घरच्या हाताला सोपं ते डीए, म्हणजे दोलक गतीचं यंत्र. एकाच जागी गोल फिरणारं जोरकस यंत्र शिकाऊ हाताने कडांवर लावलं तर पत्रा उघडा पडायला वेळ लागत नाही. कडांवर रंग नेहमीच पातळ असतो.

शेवटी मेण. मेण म्हणजे लूच्या दिवसांत ग्वाल्हेरकर डोक्याला बांधतात ती साफी: ऊन पहिलं तिच्यावर येतं, ती मळली की बदलायची, आणि तिच्यामुळे डोकं शाबूत राहतं. कार्नौबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि साधारण 82 ते 86 अंशांना वितळतं. लाल रंगाला त्याची चमक फार शोभते. पण ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ते काही आठवडेच तग धरतं. कृत्रिम पॉलिमरचं सीलंट काही महिने टिकतं, चमक थोडी कोरडी असते. तांबडीला आम्ही उन्हाळ्याआधी सीलंट लावतो आणि पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, कार्नौबा. पातळ थर लावायचा, दिलेला वेळ थांबायचं, पुसायचं. जाड लावलेलं मेण जास्त टिकत नाही, फक्त पुसायला हात दुखतात. एक गोष्ट सांभाळायची: मेण काळ्या बंपरवर गेलं तर पांढरट डाग पडतो, म्हणून आधी कडांना चिकटपट्टी लावून घ्यावी.

मेळ्यातून नवी गाडी घेतलेला माझा भाचा एका रविवारी तांबडीकडे पाहत म्हणाला, “मावशी, माझ्या गाडीला सिरॅमिक करून घेऊ का? 9एच म्हणतात, चरा पडतच नाही.”

“अरे, 9एच हे पेन्सिलीच्या काठिण्याचं माप आहे,” मी म्हटलं. “मोह्सचं नाही. आपल्याकडच्या वाळूपुढे त्याची मात्रा चालत नाही. सिरॅमिक वाईट नाही. पाणी ओघळून जातं, धुणं सोपं होतं, वर्ष-दोन वर्षं काळजी कमी. पण ते चऱ्यावर चढवलंस तर चराच आत कोंडून ठेवशील. आधी दोन बादल्यांनी धुवायला शीक. ते जमलं की ठरव.”

त्याने बाह्या सरसावल्या आणि त्याच दिवशी तांबडीवर हात बसवायला सुरुवात केली. एकपदरी लाल रंगावर शिकलेला हात क्लिअर कोटवर आपोआप हलका पडतो, ही माझी खात्री आहे.

तांबडीच्या बाकीच्या अंगाची कहाणी थोडक्यात. काळे बंपर उन्हाने करडे पडतात. त्यांना डिझेल किंवा खोबरेल चोपडलं की दोन दिवस काळेभोर दिसतात आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीची धूळ त्यांच्यावर बसते. पाण्यावर आधारित ट्रिम ड्रेसिंग आधी स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या प्लास्टिकला लावावं. टायरलाही तसंच, चकचकीत तेलकट प्रकार उडून दारांवर थेंब पाडतो. डॅशबोर्डवर चमक आणणारं काहीही नको, कारण तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता नीट दिसत नाही. रेक्झिन मऊ ब्रशने, दहापट पाणी घातलेल्या क्लीनरने पुसावं आणि लगेच कोरडं करावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणाला दिसत नाही ते: दारांच्या तळाशी पाणी जायला बारीक छिद्रं असतात. पावसाळ्यापूर्वी ती काडीने मोकळी केली पाहिजेत. जुन्या 800 गाड्या रंगाने नव्हे, आतून धरलेल्या गंजाने संपल्या. छिद्रं बुजली, पाणी तुंबलं, पत्रा कुजला. तांबडीची दारं अजून ठणठणीत वाजतात, यात कोणत्याही बाटलीपेक्षा या काडीचं श्रेय मोठं.

तांबडीने मला बाजारातल्या बाटल्यांची भीती आणि भूल दोन्हीतून सोडवलं. महागडं मेण चांगल्या धुण्याची जागा घेऊ शकत नाही, आणि चांगलं धुणं सावली, मऊ फडकं आणि सबुरी एवढ्यावर चालतं. तुमची गाडी नवी असो की जुनी, मुरारच्या गल्लीतली असो की पुण्याच्या सोसायटीतली, तिच्यावर कुठलाही प्रयोग करण्याआधी डिकीच्या कडेला फडक्याची परीक्षा करा. सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करा, एका वीतभर जागेत करून पाहा, आणि काम झालं की थांबा. कारखान्यातून आलेला रंग गाडीला एकदाच मिळतो. तो जपून वापरा.